सतरावं ताट

शैलेंद्र वझलवार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्यातला इन्स्पेक्टर काही निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. संरक्षण कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी लोखंडाचे सुटे भाग मापले, ठोकून पाहिले, पास केले नाहीतर भंगारात काढले. आता मापायला लोखंड उरलं नाही म्हणून ते बाकीचं जग मापत. दूधवाला किती मिनिटं उशिरा आला, कोचिंग क्लासच्या पोरांनी फाटकासमोर किती स्कूटर आडव्या लावल्या, कुंदाच्या पोळ्या कुठल्या वारी जाड झाल्या, याची सगळी नोंद त्यांच्या डोक्यात असे. कुंदा म्हणजे त्यांची बायको, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. माणसांना गेज लावू नका, एवढंच ती म्हणायची. ते या कानाने ऐकायचे आणि त्या कानाने सोडून द्यायचे.

तर अशा माणसाच्या घरासमोर, जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या जुन्या गल्लीत, दिवाळीनंतर एक मुस्लिम संस्था राहायला आली. तालीमी कमिटी, म्हणजे शिक्षण समिती, हे तिचं नाव. कमिटीने समोरचं दुमजली घर भाड्याने घेऊन तिथे मुलींचं वसतिगृह काढलं. सिहोरा, कटंगी, पाटण अशा गावांतून नर्सिंगच्या परीक्षेच्या तयारीला आलेल्या सोळा मुली. त्यांनी कोणाला त्रास दिला म्हणावं तर तसंही नाही. सकाळी रांगेने क्लासला जायच्या, दुपारी रांगेने परतायच्या. पण गल्लीला नेमकं तेच खुपलं. इतक्या मुली एका घरात, आणि आवाज कसा नाही? खिडक्यांना एवढे जाड पडदे कशाला? दारावर पाटी नाही, कॅमेरा मात्र आहे. आठवड्यातून दोनदा खोकी उतरतात, त्यात काय असतं? पाटी लावली असती तर ती का लावली हे विचारायलाही हीच गल्ली पुढे आली असती, पण ते असो.

गल्लीचे पुढारी होते भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत जबलपूरला आले, हे ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांच्या दोन इमारती कोचिंग क्लासवाल्यांनी भरलेल्या होत्या आणि समोरच्या त्या घरावरही त्यांचा डोळा होता. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि सगळे ती सोयीने विसरले होते. त्यातच शहरातल्या एका यूट्यूब वाहिनीने मालिका सुरू केली, ‘शहर किसके इशारे पर?’ कोणत्या कमिटीच्या एका फोनवर इस्पितळात खाट मिळते, कोणत्या वॉर्डातली मतं कोण फिरवतो, कोणाला सोडायला नगरसेवक गाडीपर्यंत येतो. तालीमी कमिटीचे अध्यक्ष खरंच पांढऱ्या लांबलचक गाडीतून यायचे, आणि नगरसेवक खरंच त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडायचा. त्यातलं अर्धं खरं होतं, म्हणूनच बाकीचं अर्धं झपाट्याने पसरलं.

भय्यासाहेबांनी कलेक्टरकडे अर्ज केला. त्यावर एक्केचाळीस सह्या झाल्या. शैलेंद्रांनीही केली, पण अडतिसाव्या नंबरवर. आपण पुढाकार घेतला असं कोणी म्हणू नये एवढी काळजी त्यांनी घेतली.

त्यांची पंचाईत वेगळीच होती. कमिटीचा सचिव तौकीर अहमद हा त्यांच्याच कारखान्यातला खरादी. बावीस वर्षं तौकीरने लेथवर नग काढायचा आणि शैलेंद्रांनी तो मापायचा. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी तौकीर यायचा, व्हरांड्यात बसायचा, कुंदाच्या हातचा आल्याचा चहा प्यायचा आणि गुडघेदुखीवर दोघांची तासभर चर्चा व्हायची. वसतिगृहाबद्दल त्याने आपण होऊन सांगितलं होतं, अभिमानाने सांगितलं होतं. तेव्हा शैलेंद्रांना काही वावगं वाटलं नव्हतं.

चौकशी लागली. बुधवारी नायब तहसीलदार येणार, घर पाहणार, पंचनामा करणार. पंच म्हणून गल्लीतली दोन माणसं हवी होती. एक कोपऱ्यावरचा औषधवाला, तो कशावरही सही करतो. दुसरं नाव भय्यासाहेबांनी सुचवलं वझलवारांचं. तपासणीत ज्याचे केस पिकले त्याच्याइतका निष्पक्ष माणूस कुठून आणणार, असं ते चारचौघांत म्हणाले. शैलेंद्रांची छाती थोडी फुगलीच.

त्या दिवसापासून तौकीर यायचा बंद झाला.

रविवार आला, व्हरांड्यातली दुसरी खुर्ची रिकामी राहिली. सोमवारी तौकीर समोरच्या फाटकातून आत गेला, बाहेर आला, पण मान वर करून बघितलं नाही. शैलेंद्र मुद्दाम पेपर घेऊन बाहेर बसले, मुद्दाम खाकरले. तौकीरने स्कूटरला किक मारली आणि निघून गेला. आठ दिवस हेच. बावीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, गल्ली ओलांडून यायला वीस पावलं, आणि याला नमस्कारसुद्धा जड झाला? शैलेंद्रांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

“तुम्हीच जाऊन विचारा ना,” कुंदा म्हणाली.

“मी पंच आहे. मी काहून जाऊ? त्याच्या मनात खोट नसती तर तो आला असता. तोंड लपवून राहिला तो.”

मंगळवारी दुपारी समोरून खोकी बाहेर निघाली. नऊ खोकी, शैलेंद्रांनी मोजली, सायकलरिक्षात रचून, वर चादर टाकून नेली. चौकशीच्या आदल्या दिवशी! आता मात्र त्यांची खात्रीच पटली की इथे पाणी मुरतंय. त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. रागापेक्षा त्यांना वाईट वाटत होतं. ज्याचा एक एक नग आपण डोळे झाकून पास केला असता, पण कधी डोळे झाकले नाहीत, तो माणूस आपल्यालाच फसवतोय, हे त्यांना सहन होत नव्हतं.

बुधवारी अकरा वाजता नायब तहसीलदार आले. बरोबर दोन कारकून, एक महिला शिपाई. फाटकाबाहेर तीस-चाळीस माणसं जमली होती, त्यांत भय्यासाहेब पुढे, आणि काठीला मोबाइल बांधलेला तो यूट्यूबवाला. तौकीरने सगळ्यांना सलाम केला, शैलेंद्रांकडे पाहिलं नाही.

आत सगळं ठीकठाक होतं. जरा जास्तच ठीकठाक. सोळा खाटा, सोळा चादरी, भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक. उरलेल्या दोन खोक्यांत जुनी गाईड निघाली, शाळांतून गोळा केलेली. बाकीची नऊ कुठे गेली विचारलं तर तौकीर म्हणाला, तीही गाईडच होती, जागा अडत होती म्हणून दुसऱ्या केंद्रात पाठवली. साहेबांनी मान हलवली. मुलींची यादी वाचली, सोळा नावं, सोळा मुली ओळीने उभ्या. दुसरा कोणी असता तर इथेच मोकळा झाला असता.

शैलेंद्र स्वयंपाकघरात गेले. मांडणीवर स्टीलची ताटं उपडी घातली होती, नुकतीच धुतलेली, पाणी निथळत होतं. प्रत्येक मुलीने आपलं ताट घरून आणलेलं, काठावर नाव कोरलेलं. त्यांनी सवयीने मोजली. सतरा. पुन्हा मोजली. सतरा, आणि सतराही ओली. सतराव्यावर नाव होतं निशात. यादीत निशात नव्हती.

कारखान्यात लॉटमध्ये एक नग कमी भरला तर कोणी फारसं घाबरत नाही. पडला असेल, मोडला असेल, सापडेल. पण एक नग जास्त निघाला की सगळं खातं थांबतं. जास्तीचा नग म्हणजे कुठून तरी न तपासलेला माल आत शिरला, आणि आता कोणत्याच नगाची खात्री नाही. एकतीस वर्षं शैलेंद्रांच्या अंगात हे मुरलं होतं.

वरच्या मजल्यावर शेवटच्या खोलीला कुलूप होतं. तौकीर म्हणाला, अडगळीची खोली आहे, किल्ली वॉर्डनबाईंकडे, त्या सिहोऱ्याला गेल्यात. साहेबांना घाई होती, अजून दोन चौकशा बाकी होत्या. उद्या उघडून फोटो पाठवून द्या, असं म्हणत ते जिन्याकडे वळलेसुद्धा. तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा तौकीरने शैलेंद्रांकडे पाहिलं. सरळ डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत विनंती होती. शैलेंद्रांना तिच्यात चोरी दिसली.

“साहब,” शैलेंद्र म्हणाले, “लड़कियाँ सोलह हैं. थालियाँ सत्रह धुली हैं.”

साहेब परत वळले. महिला शिपायाने दारावर काठी वाजवली, आतून कसलीशी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तौकीरने हळूच कुर्त्याच्या खिशातून किल्ली काढली. म्हणजे किल्ली त्याच्याकडेच होती, हे शैलेंद्रांनी बघितलं, आणि त्या क्षणी आपण बरोबर होतो याचं त्यांना समाधान वाटलं. नंतर त्यांना त्या समाधानाचीच सर्वांत जास्त लाज वाटली.

आत एक मुलगी उभी होती. हातात जीवशास्त्राचं पुस्तक, वाचत होती ते पान हरवू नये म्हणून त्यात बोट घातलेलं. यूट्यूबवाला केव्हा जिना चढून आला कोणाला कळलं नाही. मुलीने ओढणी तोंडावर घेतली, पण जरा उशिरा. नाव निशात, वय एकोणीस, सिहोऱ्याची, आपल्या मर्जीने इथे आहे, तिने शिपाईबाईला सगळं नीट सांगितलं. घरच्यांनी लग्न ठरवलं होतं, तिला नर्सिंगची परीक्षा द्यायची होती. घरून निघून आली. तिच्या काकाची माणसं शहरभर शोधत होती म्हणून यादीत नाव घातलं नव्हतं, आणि बाहेर गर्दी असताना दार उघडायचं नव्हतं. साहेबांना एकट्याला गाठून सांगणार होतो, तौकीर म्हणाला. परीक्षेला वीस दिवस होते.

साहेब चांगले होते. मुलगी सज्ञान आहे, गुन्हा नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. पण लिहिलेलं कोण वाचतो? पाच वाजेपर्यंत ‘बंद कमरे में लड़की’ हा व्हिडिओ शहराने पाहिला, सहा वाजता तो सिहोऱ्यात पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि दोन भाऊ जीप घेऊन दारात हजर. तौकीर दारात आडवा उभा राहिला, पण पांढऱ्या गाडीतून अध्यक्ष आले. कमिटीवर आधीच सगळ्या शहराचे डोळे लागलेत, त्यात बिरादरीतलं भांडण अंगावर कशाला घ्यायचं, असा त्यांचा हिशोब. काकासमोर ठाण्यात निशातने जबाब दिला की ती खुशीने घरी जातेय, आणि ती जीपमध्ये बसली. कोणालाही न विचारता मुलीला आसरा दिला म्हणून तौकीरचं सचिवपद गेलं. घरमालकाने घर रिकामं करायला सांगितलं. सोळा मुली कुठे कुठे नातेवाइकांकडे पांगल्या.

इकडे भय्यासाहेब मिठाईचा डबा घेऊन आले. तुमच्या एका वाक्याने सगळं उघडं पडलं, असं पाठ थोपटून म्हणाले. काय उघडं पडलं, हे मात्र त्यांनाही नीट सांगता आलं नाही. ते गेल्यावर कुंदाने डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि ती शैलेंद्रांसमोर येऊन बसली.

आपल्या महाराष्ट्र मंडळातली संपदा आठवते का, तिने विचारलं. आठवत होती. भोपाळला बँकेत मोठी अधिकारी आहे, दर गणपतीत मंडळाला फोन करते. मग कुंदाने जे सांगितलं ते शैलेंद्रांनी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. संपदाचं लग्न घरच्यांनी परस्पर ठरवलं, तेव्हा ती बँकेच्या परीक्षेआधी पळून मंडळात आली होती. बायकांनी तिला गणपतीच्या मखरामागच्या खोलीत अकरा दिवस लपवलं. बाहेर आरत्या चालायच्या, आत ती अभ्यास करायची. तिचा भाऊ विचारायला आला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, किल्ली नागपूरला गेली.

“तिचं ताट मी नेत होते रोज,” कुंदा म्हणाली. “कोणी मोजलं नाही.”

“मला काहून नाही सांगितलं तेव्हा?”

“तुम्ही इन्स्पेक्टर होते ना.”

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ते स्वतः तौकीरकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तौकीरने आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, पण चेहरा बंद. शैलेंद्रांनी मनात घोळवलेलं सगळं बाजूला ठेवून एकच विचारलं. आठ दिवस होते. वीस पावलांवर घर होतं. एकदा येऊन सांगितलं असतं तर?

तौकीरने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

“लॉट जाँच में लगा हो तो कारीगर इन्स्पेक्टर से बात नहीं करता, साहब. सलाम भी नहीं. क़ायदा आप ही का बनाया हुआ था.”

खरं होतं. वीस वर्षांपूर्वी दोघांच्या साटंलोट्याची कुजबुज झाली तेव्हा शैलेंद्रांनीच तो नियम घातला होता, आणि तौकीरने तो निवृत्तीच्या दिवसापर्यंत पाळला होता. निकाल लागेपर्यंत एक शब्द नाही. निकाल लागला की कँटीनमध्ये चहा. शैलेंद्र पंच झाले हे कळल्यावर तौकीरने तेच केलं. यांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तो वीस पावलं चालला नाही. आणि यांनी त्याच वीस पावलांवरून त्याला चोर ठरवलं. दुसऱ्या कोणाला ही चूक करताच आली नसती, त्यासाठी एकतीस वर्षं इन्स्पेक्टर असावं लागतं. शैलेंद्रांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

परीक्षेला आता नऊ दिवस उरले होते. निशातचं प्रवेशपत्र तौकीरकडेच राहिलं होतं. मी जाऊन देतो, शैलेंद्र म्हणाले, मी आणि कुंदा जातो, घरच्यांशी बोलतो, परीक्षेला नेतो आणि परत आणून सोडतो. तौकीर उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात प्रवेशपत्राची झेरॉक्स होती. मूळ प्रत त्याने आतच ठेवली. त्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि यांनीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळच्या बसने दोघं सिहोऱ्याला गेली. धान्यबाजारामागे काकाचं घर. काका मंडीत गेला होता. आपण गणिताच्या टीचर आहोत, मुलीला भेटायचंय, असं कुंदाने सांगितलं तेव्हा काकूने दोघांना ओसरीवर बसवलं. पाणी आलं. मग निशात आली आणि समोरच्या खाटेवर टेकली. आठवड्याभरात ती सुकली होती. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

शैलेंद्रांनी आधी माफी मागितली. थाळ्यांचं मी बोललो होतो बेटा, चूक माझी होती, असं स्पष्ट सांगितलं. मग खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढून तिच्यापुढे ठेवली. परीक्षा पुढच्या मंगळवारी, केंद्र जबलपुरातच, सदर भागात. आम्ही दोघं न्यायला येऊ, संध्याकाळच्या आत परत आणून सोडू. काकांशी मी बोलतो. हवं तर त्या शिपाईबाईंना बरोबर घेऊ.

निशातने कागदाकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहत होती. खिशातून त्यांचा मोबाइल अर्धा वर डोकावत होता, मागच्या कॅमेऱ्याची भिंगं बाहेर तोंड करून. तिने ओढणी डोक्यावर सारखी केली, पाठ ताठ केली, आणि बोलायला लागली.

“मेरा नाम निशात है. उम्र उन्नीस साल. मैं अपनी मर्ज़ी से घर आई हूँ. मुझ पर कोई दबाव नहीं है. मुझे कोई इम्तिहान नहीं देना.”

ती त्यांच्याशी नव्हे, त्या कॅमेऱ्याशी बोलत होती. हे शैलेंद्रांना कळलं. त्यांनी घाईने मोबाइल बाहेर काढला, काळा पडदा तिला दाखवला, बंद आहे बेटा, असं म्हणून तो खाटेवर पालथा ठेवला. कुंदानेही आपली पर्स उघडून तिच्यासमोर धरली. आम्हाला कोणी पाठवलं नाही, कोणी ऐकत नाही, ती म्हणाली.

मुलीने पर्समध्ये पाहिलं. दारातल्या काकूकडे पाहिलं. मग शैलेंद्रांच्या चष्म्याकडे, पेनाकडे, सदऱ्याच्या बटणांकडे एक एक करून नीट पाहिलं. हात मांडीवर जुळवून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, मेरा नाम निशात है, उम्र उन्नीस साल.